हिंगोलीचा उत्सवी हंगाम : तिथी आणि सुगी यांचा मेळ
आषाढातील परतवारीपासून फाल्गुनातील लेंगीपर्यंत चालणाऱ्या या हंगामाचे गणित पंचांगाइतकेच सोयाबीन आणि हळदीवर ठरते

पुण्यात डिसेंबर महिन्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो, तर मुंबईत फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा कला महोत्सव रंगतो. तारखा अगोदर जाहीर होतात, तिकिटे आणि प्रवेशिका निघतात, प्रायोजकांचे फलक लागतात. शहरी रसिकांना 'सांस्कृतिक हंगाम' या शब्दांतून साधारणपणे हेच चित्र डोळ्यांसमोर येते. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यातही असा एक हंगाम आहे. तो आषाढात सुरू होतो आणि फाल्गुनात संपतो. त्यात कीर्तन आहे, रामलीला आहे, रथोत्सव आहे, बैलांची मिरवणूक आहे आणि तांड्यावरची गाणीही आहेत. मात्र या हंगामाची एकत्रित कार्यक्रमपत्रिका निघत नाही. त्याच्या तिथी पंचांग ठरवते आणि त्याचा थाट शेतकऱ्याच्या हातातील पैसा ठरवतो. ही दोन वेळापत्रके जुळली की हंगाम बहरतो; ती चुकली की मैदानात पाळणे फिरतात, पण त्यांत बसणारे कमी असतात.

हे गणित समजून घेतल्याशिवाय हिंगोलीचा दसरा, नर्सीची यात्रा किंवा औंढ्याची महाशिवरात्र यांचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

जिल्हा लहान, हंगाम मोठा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, असा या जिल्ह्याचा आवाका आहे. वाशीम आणि यवतमाळ हे विदर्भातील जिल्हे त्याला लागून आहेत. मोठे उद्योग नसल्याने येथील बाजारपेठ प्रामुख्याने शेतीवर चालते. खरिपात सोयाबीन आणि वर्षभराच्या पिकांत हळद ही आजची दोन प्रमुख नगदी पिके होत. हिंगोली आणि वसमत येथील हळदीचे मोंढे राज्यभर परिचित असून, २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सोयाबीनची पेरणी मृगाच्या पावसानंतर होते आणि साधारण शंभर दिवसांत पीक काढणीला येते. म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सोयाबीनचा पैसा हाती येण्याचा काळ. हळद मे-जूनमध्ये लागते, जानेवारी ते मार्चदरम्यान काढली जाते. ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यावर जाईपर्यंत आणखी काही आठवडे लोटतात. वर्षातील उत्सव या दोन सुगींच्या आधी येतात की नंतर, यावर त्यांचे रूप अवलंबून असते. हातात पैसा नसताना येणाऱ्या उत्सवांत गावकरी स्वतः गातात, नाचतात, वाढतात. पैसा आल्यानंतरच्या उत्सवांत बाहेरची कला बोलावली जाते आणि बाजार भरतो.

आषाढ : रित्या हातांचा उत्सव

हंगामाचा प्रारंभ कयाधू नदीकाठच्या नर्सी येथे होतो. हिंगोली तालुक्यातील हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. १२७० ते १३५० हा त्यांचा काळ. पंढरपूरची आषाढी एकादशी झाली की पंधरा दिवसांनी वद्य एकादशीला, म्हणजेच परतवारीला, नर्सी येथे मोठी यात्रा भरते. पंढरपूरहून परतणारे वारकरी आणि ज्यांना पंढरपूर गाठता आले नाही असे भाविक या दिवशी नामदेवांच्या दर्शनाला येतात.

हा काळ शेतकऱ्यासाठी आर्थिक ओढीचा असतो. बी-बियाणे आणि खतांवर पैसा खर्च झालेला असतो, पीक नुकतेच वर आलेले असते आणि घरात नवे धान्य यायला अवकाश असतो. अशा वेळी जो कलाप्रकार केंद्रस्थानी येतो, तो टाळ, मृदंग आणि कंठ एवढ्यावरच उभा राहणारा आहे. कीर्तन आणि भजनाला रंगमंच लागत नाही, तिकीट लागत नाही. येणाऱ्यांच्या फराळाची सोय गावकरी करतात. वारकरी कीर्तनाच्या परंपरेत नामदेवांचे स्थान अग्रभागी आहे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या कलेला खर्च कमी, ती कला सर्वांत टंचाईच्या महिन्यातही टिकते आणि शतकानुशतके पुढे जाते.

नामदेवांच्या या कलेने फार लांबचा पल्ला गाठला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य होते असे परंपरा सांगते. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, ते याच नात्याने.

श्रावण ते भाद्रपद : तीज, पोळा आणि मोदक

श्रावणातील सोमवारी औंढा नागनाथला गर्दी होते. त्याच सुमारास बंजारा तांड्यांवर तीजेचा उत्सव चालतो. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि त्याभोवती गाणी म्हणत फेर धरतात. ही गाणी गोरमाटीत असतात व ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तोंडीच जातात. मुली शिक्षणासाठी शहरात गेल्या की गाणाऱ्यांची संख्या घटते. म्हणूनच या परंपरेची ध्वनिमुद्रणे होणे अगत्याचे आहे.

श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी, मग बैलांची सजावट, तोरणाखालची मिरवणूक आणि दुसऱ्या दिवशी कर, असा त्याचा क्रम. वसमत तालुक्यातील वाई (गोरखनाथ) येथे या सणात शेतकरी आपले बैल देवाच्या दर्शनाला आणतात. माणसांऐवजी बैलांची यात्रा भरण्याचे असे उदाहरण विरळाच. ट्रॅक्टरमुळे दावणीची बैलजोडी कमी होत चालली आहे आणि त्याचा परिणाम या यात्रेवर होणे अपरिहार्य आहे.

भाद्रपदात हिंगोली शहरातील गड्डेपीर गल्लीच्या चिंतामणी गणपतीला गर्दी होते. अनंत चतुर्दशीला येथे नवसाचा मोदक घेण्यासाठी मराठवाडा, विदर्भ आणि शेजारच्या राज्यांतूनही भाविक रांगा लावतात. मोदक घेऊन नवस बोलायचा आणि तो पूर्ण झाला की पुढे मोदक आणून वाहायचे, अशी ही प्रथा आहे. गल्लीचे नाव पिराचे आणि ख्याती गणपतीची, ही बाब निजामी राजवटीत वाढलेल्या या शहराचा स्वभाव सांगून जाते. गणेशोत्सवाच्या आगेमागेच १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. १९४८ मधील हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाची आठवण जागवणारा हा दिवस या हंगामातील वेगळा ठरतो, कारण त्याची तारीख चंद्राबरोबर सरकत नाही.

छावणीचा दसरा

हंगामाचे शिखर अर्थातच दसरा. हिंगोलीच्या सार्वजनिक दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. १८५५ च्या सुमारास खाकीबाबा मठाच्या महंतांनी तो सुरू केल्याचे सांगितले जाते. मैसूरखालोखाल देशात या दसऱ्याचा क्रमांक लागतो, असे हिंगोलीकर अभिमानाने सांगतात. क्रमांकाचा वाद बाजूला ठेवला तरी या दोन उत्सवांतील फरक लक्षणीय आहे. मैसूर, बस्तर आणि कुलू या तिन्ही विख्यात दसऱ्यांच्या मुळाशी राजघराणे आहे. हिंगोलीच्या दसऱ्यामागे राजा नाही. तेथे आहे लष्कराची छावणी आणि बैराग्यांचा मठ.

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे निजामाच्या राज्यातील लष्करी ठाणे होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील, पण निजामाच्या खर्चाने चालणारी फौज येथे तैनात असे. १८५३ च्या तहानंतर ती 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्या खर्चापोटी वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या खुणा मात्र शहरात आजही आहेत. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्याच काळाची साक्ष देतात.

या फौजेत उत्तर हिंदुस्थानातील शिपायांचा मोठा भरणा होता. त्यांच्या गावाकडचा दसरा म्हणजे रामलीला आणि रावणदहन. महाराष्ट्रातील दसरा म्हणजे सीमोल्लंघन, शमीपूजन आणि आपट्याची पाने. हिंगोलीत हे दोन्ही दसरे एकत्र नांदू लागले. मराठी भाषक शहरात, निजामाच्या उर्दू राजवटीत हिंदी रामलीला दीड शतक कशी टिकली, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. छावणी गेली, शिपाई गेले किंवा पेन्शन घेऊन येथेच स्थायिक झाले. परंतु त्यांनी आणलेला कलाप्रकार शहराने आपलासा केला.

रामलीला मैदानावर नवरात्रात उत्तर भारतातून आलेल्या मंडळ्या रोज रात्री एकेक प्रसंग सादर करतात. रामजन्म, सीतास्वयंवर, वनवास, सेतुबंधन असा कथेचा प्रवास दिवसागणिक पुढे सरकतो आणि विजयादशमीला रावणाच्या भव्य पुतळ्याचे दहन होते. नाटकाप्रमाणे तीन तासांत संपणारा हा खेळ नाही. प्रेक्षकाने रोज यावे आणि कालचा धागा आज पुढे न्यावा, अशी त्याची रचना आहे. तुलसीदासांच्या 'रामचरितमानस'वर आधारलेल्या या परंपरेचा युनेस्कोने २००८ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. रामलीलेबरोबरच मैदानावर कृषी व औद्योगिक प्रदर्शन भरते. पाळणे, खेळणी, खाद्यपदार्थ, संसारोपयोगी वस्तू, शेतीची अवजारे यांच्या दुकानांनी मैदान फुलून जाते आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे सहकुटुंब येतात.

अकरा दिवसांचा फरक

दसऱ्याचा हा थाट पैशावर चालतो आणि हा पैसा मुख्यतः सोयाबीनचा असतो. येथेच पंचांग आणि सुगी यांचा संबंध थेट येतो.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौरवर्षापेक्षा जवळपास अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी अकरा दिवस आधी येतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास पडला की पुन्हा पुढे ढकलले जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला होता. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे दसऱ्याची तारीख पुन्हा २० ऑक्टोबरवर जाते.

पीक मात्र चंद्राला जुमानत नाही. ते पावसावर चालते. दसरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असेल तर सोयाबीनची मळणी बऱ्याच अंशी उरकलेली असते, माल मोंढ्यावर गेलेला असतो आणि शेतकरी कुटुंबाच्या हाती रोकड असते. दसरा २ ऑक्टोबरला आला तर पीक अजून शेतात किंवा सुडीत असते. मजुरांची, मळणीयंत्राची घाई सुरू असते. अशा वेळी रामलीला पाहायला येणाऱ्याकडे ना सवड असते, ना खर्चायला पैसा. त्यात परतीच्या पावसाने गाठले तर संकट दुहेरी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, नद्यांना पूर आले आणि काढणीला आलेले सोयाबीन अनेक ठिकाणी पाण्यात गेले. त्याच वर्षी दसराही लवकर आला होता. सणाची लवकर आलेली तिथी आणि बुडालेली सुगी यांचा इतका प्रतिकूल योग क्वचितच येतो.

पूर्वी हा ताण काहीसा वेगळ्या प्रकारचा होता. हिंगोली कापसाची पेठ म्हणून प्रसिद्ध होती. कापसाची वेचणी एकदम होत नाही. ती दसऱ्यापासून पुढे काही महिने टप्प्याटप्प्याने चालते आणि पैसाही तसाच थोडाथोडा येतो. गेल्या काही दशकांत सोयाबीनने कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीनचे पीक एकाच वेळी हाती येते आणि बुडाले तरी एकाच वेळी बुडते. त्यामुळे एका पंधरवड्याच्या पावसावर दसऱ्याची बाजारपेठ अवलंबून राहू लागली आहे.

हळदीची महाशिवरात्र, होळीची लेंगी

दिवाळीच्या दिवसांत बंजारा तांड्यांवर मुली दिवे घेऊन घरोघरी 'मेरा' मागतात, तर आंध आदिवासींच्या वस्त्यांवर दंडारीचे खेळ रंगतात. कळमनुरी आणि औंढा तालुक्यांच्या डोंगराळ भागात आंध समाजाची वस्ती आहे. ढोलाच्या तालावर पुरुष मंडळी नाचत-गात सादर करीत असलेला हा प्रकार नृत्य आणि नाट्य यांच्या सीमेवरचा आहे. शहरातील रंगमंचावर तो फारसा दिसत नाही.

माघात हळदीची काढणी सुरू असताना औंढा नागनाथची महाशिवरात्र येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे हे मंदिर यादवकालीन शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना आहे. खालचा भाग दाट शिल्पांनी मढलेला असून शिखराचा भाग उत्तरकालीन आहे. गाभारा जमिनीखाली असल्याने भाविकांना अरुंद वाटेने उतरून दर्शन घ्यावे लागते. नंदी मंदिराच्या मागील बाजूस असल्याचे कारण सांगणारी आख्यायिका सर्वश्रुत आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुढून हटवून मागे पाठवण्यात आले तेव्हा देऊळच फिरले, असे ती सांगते. विसोबा खेचर आणि नामदेव यांची गुरुशिष्य म्हणून भेट येथेच झाल्याचे परंपरा मानते. आषाढात नर्सीपासून सुरू झालेला धागा असा औंढ्यात येऊन मिळतो. महाशिवरात्रीनंतर येथे रथोत्सव होतो. फाल्गुनात होळीला तांड्यांवर लेंगी गीते घुमतात आणि हंगाम संपतो. तोपर्यंत हळद मोंढ्यावर येऊ लागलेली असते.

माल्टाकडून काय घ्यावे?

भूमध्य समुद्रातील माल्टा हा ३१६ चौरस किलोमीटरचा द्वीपदेश. म्हणजे हिंगोली जिल्ह्याचा जेमतेम चौदावा भाग. परंतु तेथील सांस्कृतिक हंगाम युरोपभर परिचित आहे. राजधानी व्हॅलेटा येथे १७३१ मध्ये बांधलेले मॅन्युएल नाट्यगृह आजही वापरात असून, २०१८ मध्ये व्हॅलेटा युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून गौरवली गेली. तरीही माल्टाच्या खेड्यांतील खरा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातील 'फेस्ता', अर्थात प्रत्येक गावाच्या संताची जत्रा. गावची चर्च आणि वाद्यवृंद मंडळे ती आपल्या बळावर भरवतात. २०२३ मध्ये युनेस्कोने या फेस्ताला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

माल्टा आणि हिंगोली यांची श्रीमंती सारखी नाही. तुलना तेवढ्यापुरती करण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तेथे गावकऱ्यांच्या जत्रा आणि शासनाचे महोत्सव एकाच हंगामाचे भाग मानले जातात. पाहुण्याला एकाची माहिती मिळताना दुसऱ्याचीही मिळते. महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. राज्य शासनाने २०२४ च्या प्रारंभी जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव घेतले. असे उपक्रम स्वागतार्ह असले तरी ते काही दिवसांत आटोपतात. लोकांनी दीडशे वर्षे चालवलेल्या हंगामाशी त्यांची सांगड घातली गेली, तर दोहोंचा लाभ होईल.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. परतवारी, तीज, पोळा, मोदकोत्सव, दसरा, दंडार, महाशिवरात्र, लेंगी यांच्या तिथी एका दिनदर्शिकेत आल्या, तर पुण्या-मुंबईचा रसिक नियोजन करून येऊ शकेल. अधिक मासाचे गणित अनेक वर्षे अगोदर ज्ञात असते. ज्या वर्षी दसरा लवकर येणार, त्या वर्षी प्रदर्शनाचा कालावधी पुढे वाढवण्याचा विचार आधीच करता येईल. रामलीला तिथीनुसारच व्हावी, पण बाजाराला तिथीचे बंधन नाही. अतिवृष्टीच्या वर्षी केवळ वर्गणीवर विसंबून राहावे लागू नये म्हणून चांगल्या वर्षांत राखीव निधी बाजूला काढणे हाही एक व्यवहार्य मार्ग ठरू शकतो. आणि ज्या कलांना बाजाराचा आधार नाही, त्या तीजेच्या गाण्यांची, लेंगीची व दंडारीची नोंद आज गाणारे आहेत तोवर व्हायला हवी.

कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ मध्ये राज्यभरातील यात्रा-उत्सवांवर निर्बंध आले, तेव्हाही तिथी चुकल्या नाहीत. मोजक्या लोकांत, साधेपणाने त्या पाळल्या गेल्या. श्रद्धा पुढेही टिकेल, याविषयी फारशी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या श्रद्धेभोवती उभ्या राहिलेल्या कलांचा, कलावंतांचा आणि मैदानात दुकान मांडणाऱ्या शेकडो हातांचा. त्यांचे वर्ष चांगले जाईल की नाही, हे दरवर्षी सप्टेंबरचा पाऊस आणि दसऱ्याची तारीख मिळून ठरवतात.